रोजची एक थाप

मार्चमध्ये, म्हणजे इथली पानगळ,
मी वर्गाला सांगितलं:
रोज तासात मी एक थाप मारीन.
पकडा.

त्याआधी सगळं करून झालं होतं.
बुटांच्या खोक्यात फोन गोळा केले,
तर ते आतल्या आत गुरगुरत राहिले
नि सगळ्यांचे डोळे खोक्यावर.
आवाज चढवून पाहिला.
पुंता आरेनासचा वारा माझ्याहून मोठ्यानं बोलतो,
त्याच्याशी पैज नको.

थाप मात्र चालली.
भरतीला ओहोटी म्हटलं, एक हात वर.
जहाजाच्या डाव्या दिव्याला हिरवा म्हटलं, तीन हात.
पोरं फळ्याकडे अशी बघू लागली
जसं कोळणीच्या तराजूकडे बघावं.

येर्को मान्सिया तेवढा झोपलेला.
मागचा बाक, शेजारी हीटर.
रात्रभर खेकड्यांच्या कारखान्यात उभा असतो,
बोटांवर पांढरे चरे, बाहीला खारा कुबट वास.
मी उठवत नसे.
त्याची हजेरी फक्त पेन्सिलीनं मांडायचे.

जूनमधला गुरुवार. दहा वाजत आले तरी उजाडायचं होतं.
दिक्पात पूर्वेचा असेल, मी लिहिलं,
तर होकायंत्राच्या आकड्यातून तो वजा करा.
लिहिलं, आणि पुढे गेले.
कोटाच्या खिशात फोन होता माझा.
आईच्या तपासणीचा निकाल त्या सकाळी येणार होता.

"मिळवायचा, प्रोफे."
डोकं अजून बाकावरच. डोळे मिटलेले.
"पूर्व असेल तर मिळवायचा.
तुम्ही आम्हाला खडकावर घातलंत."

वर्ग हसला. सापडली आजची थाप!
शाब्बास म्हणून मोकळं होता आलं असतं.
पण आजची थाप अजून वहीतच होती,
तिसऱ्या गणितापाशी, लाल शाईत.

"थाप नव्हे," म्हटलं. "चूक आहे.
माझं लक्ष नव्हतं."

कुणीतरी पेन खाली ठेवलं, तेही ऐकू आलं.
येर्को उठला. गालावर बाहीची शिवण उमटलेली.
मार्चपासून कपाटावर धूळ खात पडलेलं
बुटांचं खोकं त्यानं खाली काढलं,
फुंकर मारली, माझ्यापुढे धरलं.
मग माझ्या तोंडाकडे पाहिलं जरा वेळ
आणि खोकं मागे घेतलं.

"बोलून या," म्हणाला. "तोवर यांना मी बघतो."

बाहेर थंडगार कॉरिडॉर.
तिकडे घंटी वाजत होती, कुणी उचलेना.
दाराआड कुणीतरी फळा पुसत होतं,
मग खडू.