पासंग

जानेवारीत आमच्या कचेरीचा हीटर खोकत असतो
आणि मी दिवसाला बेचाळीस मुलं वाचते.
मुलं म्हणजे फायली. फायली म्हणजे गुण.
गुण म्हणजे काय, ते मला अकरा वर्षांत
नीटसं कळलेलं नाही.

पहिल्याच दिवशी वॅंडाने बजावलं होतं :
शाळेने छापलेली सरासरी वाचायची आणि विसरायची.
एका शाळेत चार म्हणजे आभाळ,
दुसरीत साडेचारचं पोर रांगेत तिसावं.
कुणी अवघड विषयाला अर्धा चढवतं, कुणी अख्खा,
एक शाळा तर आकडेच देत नाही,
नुसती पत्रं लिहिते, लांबलचक, मायेची.
जितकी गावं तितकी मापं.
म्हणून आपण सगळ्यांचा भार उतरवायचा
आणि आपल्या तराजूत नव्याने घालायचा.
"आणि आपल्या तराजूला पासंग किती?"
वॅंडा कॉफी ओतत राहिली.

ठेवायचं ते एवढंच : भाषा, गणित, विज्ञान,
इतिहास, आणखी एखादी परकी भाषा.
व्यायाम, गायन, सुतारकाम, स्वयंपाक
यांवर रेघ.

आज सकाळी ब्रायर्ली विनगेट.
डेट्रॉइटच्या उत्तरेचं उपनगर, चौदा एपी,
चार पूर्णांक त्र्याऐंशी.
निबंधात मध्येच एक वाक्य :
दहावीत मी चेलो सोडला.
का, ते समुपदेशकाच्या पत्रात सापडलं.
वाद्यवृंदात त्याला ए होता, कायम ए,
पण वाद्यवृंदाला भार नाही;
तिथला निव्वळ चार
बाकीच्या पाचांना खाली ओढत होता.

पैकीच्या पैकी मिळून तोटा!
माझी आई टोलेडोत खिळे वजनावर विकायची,
तिला हा हिशेब सांगितला असता
तर तिने आधी मला पाणी दिलं असतं.

आणि आम्ही तर तो भार पुसूनच टाकतो.
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी सिग्ने हाकाला.
वर, सुपीरियर सरोवराच्या काठचं गाव,
वर्गात एकोणीस जणं.
शाळेची माहिती अर्ध्या पानात आटोपते :
एपी नाही. स्पॅनिशचे सर गेले, बदली मिळाले नाहीत.
कॅल्क्युलस पडद्यावरून,
बर्फाने तार तुटली की सुट्टी.
रसायनात बी, आणि
वेल्डिंग : ए, ए, ए, ए.

समुपदेशक लिहितात,
"पत्राला उशीर झाला, माफ करा, बसही मीच चालवतो.
वाचनालयाच्या दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी
जो उतार आहे, तो हिने जोडला.
दोन हिवाळे झाले. हललेला नाही."

मी चारही ए निवडले.
बोट कळीवर थांबलं,
थांबलं म्हणजे, हीटर दोनदा खोकेपर्यंत.
मग नियम तो नियम.
तीन पूर्णांक एकसष्टचे
तीन पूर्णांक बेचाळीस झाले,
आवाज न होता.

शेऱ्याच्या चौकटीत दोनशे अक्षरं बसतात.
विनगेटसाठी लिहिलं : चेलोबद्दल विचारा.
हाकालासाठी लिहिलं, खोडलं, लिहिलं :
शाळेत होतं नव्हतं ते सगळं घेतलं.
शिवाय एक उतार.
समितीत कुणीतरी विचारेल, कसला उतार,
आणि मला चाळीस सेकंद मिळतील.
गुरुवारी.

साडेचारला बाहेर अंधार.
मागच्या लोखंडी जिन्यावर बर्फाचा पापुद्रा,
मी हातमोजा काढून कठडा धरला.
इतक्या वर्षांत प्रथमच बोटं
दोन नळ्या जुळतात तिथली रेघ शोधत गेली.
होती. जाडसर, जराशी वाकडी.
कुणाची होती कोण जाणे.
तिच्यावर सगळा भार टाकून
मी एकेक पायरी उतरले.