एक जागा

उदगीरच्या डाळमिलीत जागा एकच,
सुपरवायझरची. बाकावर दोघं.

आधी ती आली, शिवकांता भातांब्रे,
परभणीची बी.टेक., फाइल छातीशी धरून.
शेठजींनी लिहून दिलेलंच मी विचारलं:
तूर भरडायला तयार झाली, कसं ओळखाल?
मीटर लावून, म्हणाली. ओलावा दहा टक्के.
मग जरा थांबून,
"नाही तर एक दाणा दाताखाली धरायचा.
कट्‌ वाजला तर घ्या,
दबला तर अजून एक ऊन द्या."
हे कोणत्या वर्षाला होतं?
तिनं दाराकडं बोट केलं.
"आत्ताच. बाहेर. ते काका म्हणाले."

मी हसलो नाही.
माझी बी.कॉम. गावाकडं ट्रंकेत आहे,
नोकरी मामाच्या ओळखीची.
सोळा वर्षं झाली, मिलीच्या आवाजावरून
मला फक्त जेवणाची सुट्टी कळते.

हाक मारली: वैजनाथ हुडे!
बाकावर नुसती टोपी.
हुडे आत, रोलरपाशी,
पत्र्यावर तळहात ठेवून,
लेकराचा ताप बघावा तसा.
ऑपरेटर पोरगं पान्हा शोधत पळालेलं.
"बेरिंग चाललंय साहेब.
सांजपर्यंत टिकायचं नाही."

बावीस वर्षं ज्या मिलीत काढली ती बंद.
पगार रोख मिळायचा,
कागद कशाचाच नाही.

अर्ज माझ्या हातात होता.
शिक्षणाच्या रकान्यात त्यानं
एक रेघ मारलेली,
पट्टी न लावता,
सरळ.