इंदूरला समुद्र नाही

इंदूरला समुद्र नाही.
खान नदीत तर कागदाची होडीसुद्धा
दोन हात जाऊन अडकते.
तरी रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत
रोज रात्री दोन शिप आदळतात.

मी वेधा-निहालवाली, पाचव्या भागापासून.
किन्नरी वेधा-तपनवाली, म्हणून
मंगळवारपासून आमचा अबोला;
पोहे एकाच ताटलीतले,
मधे शेवेची भिंत.
अबोला मोडतो तो फक्त भांडायला.

"पुलावर त्यानं छत्री दिली, हे कॅनन आहे."
"दुसऱ्या दिवशी परत मागितली, तेही कॅननच!"
आई कणीक मळता मळता:
"ओटीपी कुणाला सांगू नये म्हणतात ना?
मग तुम्ही दोघी का गं ओरडून सांगता?"

हसून हसून आमची युती झाली.
समजावलं तिला, तो बँकेचा.
हा म्हणजे जगबुडी आली तरी
सोडायची नाही अशी जोडी.
"अस्सं," म्हणाली,
आणि परातीला चिकटलेलं पीठ
नखानं खरवडत राहिली.

रात्री पाण्याला उठले तर
आवाज बंद ठेवून चाललेला अठरावा भाग.
आईच्या चष्म्यात
वेधा स्टेशनावर एकटी,
एकच तिकीट काढणारी.
हा सीन आम्ही दोघीही पळवतो.

"हिला जाऊ द्या की,"
आई म्हणाली, मान न वळवता.
"पूर्वी इथून खंडव्याची गाडी असायची.
छोट्या लाइनीची.
पाच चाळीसला."

मग रिमोट उचलून
तिनं तिकीटखिडकी
पुन्हा मागे आणली.