अर्धा किलो

अक्कलकोट रोडला, बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये
आमची तालीम.
भिंतीवर अजून पाळ्यांची पाटी, पत्र्याला चिकटलेला कापूस.
मे महिन्यात बार असा तापतो
की आधी ओला टॉवेल, मग हात.

तौफीकचा डावा हात कोपरापाशी संपतो.
त्याच्यासाठी चादरीच्या काठाचा पट्टा शिवला,
तिसऱ्या खेपेला बसला. पहिले दोन
त्यानं घरी नेले, बकरी बांधायला.

आणि स्रवंती मेर्गू, वय सोळा.
बाकावर आडवी होते, पाय मी पट्ट्यानं बांधतो,
विचारून. दर वेळी विचारून.
घट्ट झालं का ते तिला कमरेखाली कळत नाही,
म्हणून पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून बघायची.

पहिल्या वर्षी चुकलो मी.
ढकल म्हणालो, अजून ढकल.
श्रावणात खांदा धरला. चाक फिरेना, वेणी घालता येईना.
तिची आई आली, दिवसभर विड्या वळून,
बोटांना तंबाखूचा वास,
एवढंच म्हणाली,
"सर, खांदा हाच तिचा पाय आहे की ओ."

तेव्हापासून वहीत
तिचा पहिला सेट असा लिहितो:
घर ते शेड, दीड किलोमीटर, चढ, खड्डे, एक उघडं गटार.
तो झाला, मग बाकीचं.
एकदा ढकललं तर दोनदा ओढायचं.
कधी नुसतं ओढायचं. कधी काहीच नाही,
दारातल्या सावलीत बसून
तौफीकच्या बकरीच्या गोष्टी.

शुक्रवारी पस्तीस झाले.
आज छत्तीस पाहिजेत तिला, आणि आमची
सगळ्यात लहान चकती अडीचची.
"थांबा," म्हणाली. पिशवीतून काढले
शेंगाचटणीचे दोन पुडे, अर्धा-अर्धा किलोचे,
पुण्याच्या मावशीला पाठवायचे होते.
दोन्ही टोकांना सुतळीनं बांधले.

मोजणी मराठीत सुरू होते तिची.
एक. दोन. तीन.
पुढं जड झालं की घरची भाषा येते,
विड्यांचे कट्टे मोजतात ती:
नालुगु.
ऐदु.

आरुला बार थांबला,
छातीपासून वीतभर वर.
माझे तळवे बारखाली, उघडे, न टेकवता.
लसणाचा वास. डावा पुडा हलतोय.
तौफीकसुद्धा गप्प.

"हात लावू नका ओ,"
दातांमधून.