हाताची घडी

सीपीआरच्या वॉर्डात डॉक्टर विचारत होते,
आज वार कुठला, साल कुठलं, घर कुठं.
आप्पा पंख्याकडे बघत होते.
उजव्या हाताला सलाईन, हात फळीला बांधलेला,
डाव्याला रक्तदाबाचा पट्टा,
आणि तोंडात नुसतं 'ते... हे आपलं... ते'.

बेचाळीस वर्षं रिक्षा चालवलेला माणूस,
मीटरकडं न बघता भाडं सांगणारा.
डॉक्टर नेर्लेकर कागदावर बारीक फुल्या मारत गेले.
मी शाळेत शिकवते. उलट्या बाजूनंही
मला फुल्या वाचता येतात.

तीन दिवसांपूर्वी आईचा फोटो दाखवला होता.
म्हणाले, "कुणाची म्हणायची ही?"

संध्याकाळी सिस्टरनं सुई काढली, फळी सोडली.
आप्पांनी आधी मनगट चोळलं.
मग दोन्ही हात चादरीच्या वर आले,
खांद्याएवढं अंतर ठेवून.
मुठी वळल्या.
डावी क्लच दाबून खटकन फिरली,
उजवी हळूच पिरगळली.
"कुठं निघालाय, आप्पा?"
"घरला."

हात डावीकडं कलले. "तोरस्कर चौक."
जरा सरळ, मग दोन झटके. "खड्डा हाय हितं, मुडद्यांनी बुजवलेला न्हाई."
"गंगावेश. म्हशी आल्या, थांबा की."
आधी हात वळायचा, मागनं शब्द यायचा,
रिक्षामागून धूर यावा तसा.
मधेच एक हात वर गेला,
हवेतला आरसा बोटभर खाली केला,
आणि आप्पा आरशात बघून म्हणाले,
"शालन, पदर आत घे गं, चाकात जाईल."

आईला जाऊन सहा वर्षं झाली.
फोटोतली बाई त्यांना ओळखू आली नव्हती.
मागच्या सीटवरची आली.

रंकाळा टॉवरपाशी काहीतरी आडवं आलं असावं.
चादरीखाली पाय करकचून दाबला गेला
आणि डावा हात सुटून माझ्या छातीशी आडवा आला.
मी खाटेच्या त्या कडेला बसले होते.
लहानपणी मी पुढंच बसायची, त्यांच्या डाव्या बगलेत,
आणि प्रत्येक ब्रेकला हाच हात.
नाव मात्र नाही घेतलं त्यांनी माझं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले,
"मेंदूत हाताची खोली आणि बोलण्याची खोली
भिंतीला भिंत लागून आहेत, बाई.
एकीचं दार अडकलं की कधी कधी
दुसरीतून हाक मारता येते.
कधी कधी. नेहमी नाही."
सांगताना त्यांचे दोन्ही हात हवेत भिंत बांधत होते.
ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

मंगळवारी सहावी ब.
एकोणीस वर्षं मी दारातून आत येताना तेच म्हणत आले आहे:
हाताची घडी, तोंडावर बोट.
मुबीना मुजावर सतराच्या पाढ्यात सकावर अडते.
तिची बोटं बाकाखाली वळवळतात,
आणि मी पट्टी आपटून म्हणते, वर घे हात, चोरी नको.
किती वेळा म्हटलं असेल.

आज म्हटलं, घडी सोडा.
त्रेचाळीस मुली एकमेकींकडे बघत राहिल्या.
काहींनी हात दप्तरात घातले.
मग गोंधळ झाला, चांगलाच झाला,
हेडबाई खिडकीत येऊन चष्मा सारखा करून गेल्या.
मुबीना हवेत पायऱ्या चढावं तशी बोटं नेत होती,
पंच्याऐंशीवर थांबली, एक पायरी चुकली,
परत खाली आली, परत चढली.
"एकशे... दोन," म्हणाली.
आणि बोट तिथंच धरून ठेवलं,
सोडलं तर पडेल असं.

आप्पा आता फुलेवाडीत घरी आहेत.
वार चुकतात, साल चुकतं.
संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकते,
त्यांच्या डाव्या अंगाला मी स्टूल घेऊन बसते,
आणि बराच वेळ काही झालं नाही की
हळूच म्हणते,
आप्पा, ब्रेक.