एका कान्याची फाईल

हडपसरच्या आमच्या कॉलेजात खिडकी क्रमांक दोन,
तिच्यामागं मी, पंचवीस वर्षं. आवक-जावक.
तू आलीस तेव्हा अकरा वाजून गेले होते,
धडगावहून रात्रभराच्या एसटीनं, हातात प्लास्टिकची फाईल.
म्हणालीस, "मॅडम, मी सेवंती पवार नाही. पावरा आहे."

म्हटलं, आत ये. बस त्या स्टुलावर.
एक पाय डुगडुगतो, भिंतीला टेकव.
नाव दुरुस्त करायचं तर आधी
हे घर कसं बांधलंय ते कळायला हवं तुला.

कॉलेज शिकवतं.
हजेरी घेतं, ओरडतं, बोनाफाईड देतं,
गॅदरिंगला मांडव घालतं.
पण शेवटी जो कागद तू घरी नेशील,
काच लावून भिंतीवर टांगशील,
तो विद्यापीठाचा. आम्ही फक्त वाटतो.
आमच्यासारखी कितीतरी कॉलेजं त्याला जोडलेली,
एका खुंट्याला कितीक दावी.

गणिताचे सर पेपरला तुझ्याइतकेच घाबरतात,
तो ते काढत नाहीत ना.
काय शिकवायचं ते अभ्यास मंडळ ठरवतं,
विद्या परिषद त्यावर मान डोलावते,
पैशाचं व्यवस्थापन परिषद बघते,
आणि अधिसभा? ती अधूनमधून भरते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो.
वर कुलगुरू. त्यांच्याही वर कुलपती, ते तर मुंबईला, राजभवनात.
तुझा काना तिथवर जायचा नाही. घाबरू नकोस.

त्याची वाट अशी:
अर्ज मी घेईन. शिक्का. जावक क्रमांक.
मग अधीक्षक साळुंके, ते आधी चष्मा शोधतील.
मग प्राचार्यबाईंची सही, ती मंगळवारी मिळते,
एरवी त्या मीटिंगला.
बुधवारी टपाल. लहानू दोन बस बदलून गणेशखिंडीला जातो,
मनपाला उतरून पोहे खातो,
हे कुठल्या परिपत्रकात नाही.
तिथं वडाच्या झाडांमागं पात्रता विभाग,
तो तुझा शाळेचा दाखला बघेल, जातीचं प्रमाणपत्र बघेल,
परीक्षा विभागाला कळवेल,
तेव्हा कुठं पडद्यावर प-च्या अंगाला काना लागेल.

यात विभागप्रमुख कुठं, विचारलंस.
नाहीत. प्रॅक्टिकलचं भांडण त्यांच्याकडं,
शिष्यवृत्ती अडली तर माझ्याकडं,
रडू आलं तर ग्रंथालयात तिसऱ्या कपाटामागं,
तिथं कुणी येत नाही.

तू सगळं वहीत उतरवलंस, बाण काढून काढून.
मग पेन थांबलं.
"पण मॅडम, चुकलं कुठल्या विभागात?"

मी रजिस्टर उघडलं, उगाच. एक पान उलटलं.

बाई, चुकलं ह्या खिडकीत.
जूनच्या गर्दीत तुझा फॉर्म पडद्यावर मीच भरला.
पावरा वाचलं. वाटलं,
पोरीनं घाईत काने भलतीकडं टाकले,
आणि मी ते सुधारले.
परिषद नाही, अधिसभा नाही,
कुणाची सही लागली नाही त्याला.

तू काही बोलली नाहीस. स्टूल तेवढं डुगडुगलं.
मग अर्ज पुढं केलास,
अक्षर मोठं, दोन्ही काने उभे,
बांबू रोवावेत तसे.

आता ऑगस्ट संपत आला.
जावक चारशे सतरा अजून परत आलेलं नाही.
लहानूला दर बुधवारी विचारते, तो मान हलवतो,
मी शेंदरी पेनानं तारीख टाकते.

परवा खिडकीबाहेर तुझा आवाज ऐकला.
एका नवख्या पोराला सांगत होतीस,
"आधी नाव वाच तुझं. बोट ठेवून वाच.
मग रांगेत उभा राहा."