गाळमोजणी

नंदनवनच्या पुलावर मी वाकून पाहत होतो,
मारबत आठ दिवसांवर आलेली,
नाग नदीला नेहमीपेक्षा दोन हात जास्त पाणी.
दिगांबर गभणे स्कूटर थांबवून म्हणाला,
काय पाहून राह्यले बाप्पा?
मी म्हटलं, बंदर.
तो लगेच पिंपळाकडे पाहू लागला.
कुठी हाय?

तुला कसं सांगू दिगांबर,
मागच्या महिन्यात प्रणोतीनं नेलं होतं मला मिलेटसला.
ग्रीक लोकांचं जुनं गाव, आता तुर्कस्तानात.
तिथे शेताच्या कडेला दगडी सिंह होता,
अर्धा मातीत, अर्धा गवतात.
वाटाड्या म्हणाला, हे बंदर, सिंह राखणीला.
मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.
पुढे सगळी पऱ्हाटी.
गुडघाभर, पाती धरलेली,
थेट आपल्या काटोल-सावनेरची.
समुद्र? विचारलं.
त्यानं हात लांब केला : नऊ किलोमीटर.

सदतीस वर्षं पाटबंधारे खात्यात मी गाळ मोजला.
होडीतून दोर सोडायचा,
शिसं तळाला टेकलं की बोटांना कळायचं.
तोतलाडोह, कामठी-खैरी, वडगाव.
धरणाचं वय कागदावर एक, दोरावर वेगळं.
वरच्यांना आकडा कमी लागायचा.
आम्ही पेन्सिलीनं लिहायचो.

तिथे कोणी दोर सोडला होता की नाही, ठाऊक नाही.
नदी घमेलं घमेलं माती आणत राहिली.
एखादा व्यापारी बोलला असेल, यंदा पाणी जरा उथळ वाटतं.
त्याच्या मुलानं म्हटलं असेल, गलबतं जरा पुढे लावू.
नातवानं, जरा पुढे.
जरा जरा करता नऊ किलोमीटर.

मग नाट्यगृहाच्या पायऱ्या चढलो.
दगडांवर कोरलेलं : ही जागा सोनारांची.
प्रणोती मोबाइलमधून वाचून दाखवत होती
आणि मला आमची परात दिसत होती,
काठावर ठिपक्याठिपक्यांनी
सौ. सत्यभामा बळीराम निमजे, १९७९.
लग्नाकार्यात भांडं बदलू नये म्हणून घातलेलं नाव.
हल्ली त्या परातीत कणीक मीच भिजवतो.
पातळ होते.
सोनारांच्या जागेवर बराच वेळ बसलो.
दगड तापला होता. प्रणोती छत्री घेऊन धावत आली.
तिला म्हटलं, अगं, मी नागपूरचा.

त्या नदीच्या नावावरूनच म्हणे इंग्रजीत
वळणावळणाच्या चालीला शब्द पडला.
मी म्हटलं, आपल्याकडे वळणाला नाग,
नदीला नाग, गावालाही नाग.
ती हसली, फोटो काढला.
फोटोत मी आणि मागे एक बगळा.

आपल्या गावाला समुद्र कधी नव्हताच,
तेव्हा तो गेल्याचं सुतक नाही.
पण नदी होती.
माझा बाप इथे, अगदी इथे, सूत धुवायला यायचा.
पाण्याचा रंग सांगायचा तो,
सांगताना हाताची ओंजळ करायचा, आपोआप.

खिशात सुतळी होती, टोकाला नट बांधलेला.
दिगांबरला म्हटलं, धर हे टोक, सोडू नको.
कठड्यावरून नट खाली गेला,
प्लास्टिकला अडला, निर्माल्यातून सुटला,
टेकला.
टेकल्यावरही हळूहळू जात राहिला.
हात म्हातारा झाला तरी एवढं कळतं.

वही काढली. तारीख, वेळ, ठिकाण, आकडा.
शाईचं पेन मुद्दाम घेऊन आलो होतो.

दिगांबरच्या एका हातात सुतळी,
नजर अजून पिंपळात.
गेलं वाटते, म्हणाला,
तुमचं बंदर.